यंत्राची नाडीपरीक्षा

चिंचवड, भोसरी, चाकण या टापूंत ज्याचें बिऱ्हाड आहे त्याला यंत्रशाळेंतील एक नियम मुद्दाम शिकवावा लागत नाहीं. येथें बहुतेक घरांतून कोणी ना कोणी कारखान्यांत जात असतो, आणि आय. टी. आय. मधून नुकताच बाहेर पडलेला पोरगाही इतकें जाणतो कीं, मायक्रोमीटर हातीं घेतल्यावर कामाचा तुकडा त्यांत धरण्याच्या अगोदर तो रिकामाच मिटून शून्यावर शून्य येतें कीं नाहीं हें पाहावयाचें असतें. शून्यच हललेलें असेल तर पुढचें प्रत्येक माप तितक्यानें खोटें. मोठ्या कारखान्यांत गेजवर चिठी डकवलेली असते. मागची तपासणी कोणत्या दिवशीं झाली आणि पुढची कोणत्या दिवशीं व्हावयाची, या दोन तारखा तिच्यावर असतात. दुसरी तारीख उलटली कीं तो गेज कितीही चकचकीत असो, कामावरून उतरला.

लोखंडाच्या तुकड्याविषयीं इतकी दक्षता बाळगणारा मनुष्य जिवंत शरीराच्या मापाविषयीं मात्र फार भोळा असतो. २०२० आणि २०२१ या दोन सालांत आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं बोटाला लावावयाचा ऑक्सिमीटर आला. आजीचें बोट गारठलेलें असे, सूनबाईच्या नखाला रंग असे, मूल हात हलवीत असे. आणि चिमट्याच्या काचेवर जो आंकडा उमटेल तो घरांतील थोरामोठ्यांनीं वेदवाक्य म्हणून घ्यावा, अशी स्थिति होती. आंकड्याशेजारीं बहुधा नाडीबरोबर खालींवर होणारी एक लहानशी पट्टी असते. ती नीट उडते कीं नाहीं हें पाहिल्यावांचून आंकडा वाचूंच नये, हें सांगणारा विरळा. त्याच चिमट्याचा एक थोरला भाऊ आतां मेंदूच्या परीक्षेसाठीं पुढें आला आहे. त्याच्याविषयीं येथें लिहावयाचें आहे, आणि तेंही तो काय दाखवितो यापेक्षां, तो खरें बोलत आहे हें कसें ओळखावें याविषयीं.

हें यंत्र म्हणजे दिसावयाला एक टोपी. पोहणाऱ्यांच्या टोपीसारखी डोक्याला घट्ट बसणारी. तिला जागोजाग भोकें, आणि भोकांतून बसविलेले लहान दिवे व लहान डोळे. डोळे म्हणजे प्रकाश टिपणारीं विद्युत्-उपकरणें. परंतु सोयीसाठीं आपण डोळेच म्हणूं. १८०० सालीं विल्यम हर्शेल यानें सूर्यप्रकाश लोलकांतून पाडून तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जेथें नजरेला कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णतामापक ठेवला आणि पारा चढलेला पाहिला. हेच अवरक्त किरण. त्यांतील तांबड्याला अगदीं लागून असलेला जो भाग तो या टोपींतील दिव्यांत वापरतात. अंधारांत विजेरी तळहातानें झांकली तर बोटांच्या कडा लालभडक दिसतात, हा खेळ प्रत्येक मुलानें केलेला असतो. इतर रंग रक्तमांसांत जिरतात आणि तांबडा तेवढा पार होतो, म्हणून तसें दिसतें. सुमारें ६५० पासून ९०० नॅनोमीटरपर्यंतच्या लहरींना शरीर अशी वाट देतें. १९७७ सालीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनीं दाखवून दिलें कीं, ही वाट कवटीच्या हाडांतूनही जाते, आणि आंतील रक्तांत प्राणवायु किती आहे याची वार्ता घेऊन प्रकाश बाहेर येऊं शकतो.

दिवा आणि डोळा यांत मोठ्या माणसाच्या डोक्यावर सुमारें ३ सेंटिमीटर अंतर ठेवतात. आंत शिरलेला प्रकाश सरळ जात नाहीं. दुधांत सोडलेल्या उजेडाप्रमाणें तो चहूंकडे विखुरतो, आणि त्यांतला अगदीं थोडा अंश, केळ्यासारख्या वांकड्या वाटेनें त्वचा, हाड आणि मेंदूचा वरचा थर असा फेरा करून डोळ्यापर्यंत पोंचतो. दीड-दोन सेंटिमीटरांच्या खालची बातमी या यंत्राला नसते. सबंध मेंदू दिसतो असें कोणी सांगेल तर तें खरें मानूं नये. प्राणवायूनें भरलेलें हिमोग्लोबिन आणि प्राणवायु देऊन रितें झालेलें हिमोग्लोबिन यांचा रंग निराळा असतो. म्हणून दिव्यांत दोन लहरी योजतात, बहुधा एक ७६० च्या आसपासची आणि दुसरी ८५० च्या आसपासची. पहिली रित्या हिमोग्लोबिनांत अधिक जिरते, दुसरी भरलेल्यांत. मूल वाचूं लागलें किंवा मनांत हिशेब करूं लागलें, म्हणजे मेंदूच्या त्या त्या भागीं पांच-सहा सेकंदांत गरजेपेक्षां कांहींसें अधिकच ताजें रक्त धांवून येतें. भरलेलें वाढतें, रितें किंचित् उतरतें. या दोन रेघा पडद्यावर आल्या कीं मेंदू कामाला लागला असें म्हणावयाचें.

आतां खरी अडचण अशी कीं, रेघ नेहमींच येते. टोपी खुंटीला अडकवून यंत्र चालूं केलें तरीही येईल. प्रत्येक विद्युत्-उपकरणांत स्वतःची म्हणून एक कुरकुर असतेच. शिवाय खिडकींतला उजेड आणि खोलींतले दिवे डोळ्यांत शिरतात. डोक्यावर घातलेल्या टोपीची तऱ्हा याहून फारशी निराळी असेलच असें नाहीं. डोळ्याखालीं केसांची बट आली तर प्रकाश तेथेंच अडतो. टोपी सैल असली तर दिव्याचा प्रकाश कातडीवरून सरपटत थेट डोळ्यांत जातो आणि मेंदूची वाट धरीतच नाहीं. टक्कल असलेल्या गृहस्थाच्या माथ्यावर तर उलटच संकट. इतका प्रकाश परत येतो कीं डोळा दिपून जातो. या सर्वांचें गणित होऊन दोन रंगांच्या वळणदार रेघा उमटतात, आणि चाळण लावून त्या गुळगुळीत केल्या म्हणजे मेंदूच्याच वाटतात. चुकीचा मायक्रोमीटर निदान मुका तरी असतो; हें यंत्र रंगीत चित्र काढून देतें.

ज्ञानाच्या खरेपणाविषयीं आपल्या शास्त्रांत एक जुना वाद आहे. मीमांसक म्हणतात, ज्ञान झालें कीं तें स्वतःच प्रमाण. बाधक कांहीं पुढें आलें तर मग पाहूं. नैयायिक म्हणतात, तसें नव्हे, ज्ञानाचा खरेपणा त्या ज्ञानाबाहेरच्या कशानें तरी ठरावा लागतो. दुरून पाणी दिसलें, तें पाणीच होतें हें तहान भागल्यावर ठरतें. वेदाच्या बाबतींत कोणता पक्ष घ्यावा हें ज्याचें त्यानें पाहावें. यंत्राच्या बाबतींत मात्र आम्ही निःसंशय नैयायिकांच्या पंक्तीला बसतों.

मग या टोपीला बाहेरचा साक्षी कोण? शास्त्रज्ञांनीं तो मोठ्या मार्मिकपणें शोधून काढला आहे. तो म्हणजे नाडी. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेंतील आणि मेंदूंतील रक्तवाहिन्या किंचित् फुगतात, रक्त वाढतें, आणि परत येणारा प्रकाश त्या क्षणापुरता मंदावतो. प्रकाश खरोखरच जिवंत डोक्यांतून फिरून आला असेल तर हा ठोका त्याच्यावर उमटलेला असलाच पाहिजे. आणि दोन्ही लहरी त्याच डोक्यांतून आल्या असतील तर दोहोंवर तो एकाच वेळीं उमटला पाहिजे. उपकरणांची कुरकुर तशी नसते. एका लहरीची कुरकुर दुसरीशीं कांहीं संगनमत करीत नाहीं. म्हणून टोपी चढविल्यावर प्रयोग सुरू करण्यापूर्वीं कांहीं सेकंद नुसतेंच बसवितात, मिनिटाला ३० पासून १५० ठोक्यांच्या टप्प्यांतील हालचाल तेवढी चाळून घेतात, आणि दोन्ही लहरींतील ठोके जुळतात किती हें पाहतात. पूर्ण जुळले तर अंक १, मुळींच न जुळले तर ०. अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील लुका पोलोनिनी व त्यांचे सहकारी यांनीं २०१४ सालीं ही रीत पुढें मांडली. दिव्या-डोळ्यांचा डोक्याच्या त्वचेशीं संबंध किती चांगला जुळला आहे याचा हा अंक; तो बहुधा ०.७५ किंवा ०.८ याच्या खालीं आला कीं ती दिव्या-डोळ्याची जोडी हिशेबांतून वगळतात, किंवा टोपी उचलून केस बाजूला सारून पुन्हां बसवितात. अर्भकाची नाडी मोठ्यांच्या मानानें फार जलद असते. रडूं लागलें तर ती १५० च्याही वर जाते. तेथें मोठ्यांची चाळण तशीच ठेवणाऱ्याला चांगली जोडीही वाईट दिसेल.

या नाडीची गोष्ट मोठी मौजेची आहे. जपानांतील निहोन कोहडेन या कंपनींत ताकुओ आओयागी नांवाचे अभियंते हृदयांतून किती रक्त वाहतें हें रंगद्रव्य आणि प्रकाश यांच्या साहाय्यानें मोजूं पाहत होते. कानाच्या पाळींतून जाणाऱ्या प्रकाशांत नाडीचे ठोके मध्येंमध्यें येऊन त्यांचें माप बिघडवीत. ते काढून टाकण्याच्या खटाटोपांत त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ही बिघाड करणारी नाडीच धमनींतील रक्ताची ओळख पटविते. त्यांतून १९७४ सालीं नाडीवरून प्राणवायु मोजण्याचें तत्त्व त्यांनीं मांडलें. घरोघरच्या चिमट्याचा उगम तोच. आओयागी २०२० च्या एप्रिलांत वारले, म्हणजे आपल्याकडे त्यांच्या चिमट्यासाठीं औषधांच्या दुकानांपुढें रांगा लागण्याच्या अगदीं उंबरठ्यावर. मेंदूच्या टोपींतही हीच नाडी प्रथम अडगळ म्हणून गणली गेली होती. तिला साक्षीचा मान मागाहून मिळाला.

परंतु हा साक्षीही उलटतपासणीवांचून सोडण्याजोगा नाहीं. थंडीच्या पहांटे पवनेच्या पात्रावर धुकें उठतें, आणि दुरून पाहणारा त्याला धूर समजून तेथें अग्नीचें अनुमान करूं शकतो. तर्कशास्त्राच्या जुन्या पोथ्यांतून अशा खोट्या धुराची पुष्कळ चर्चा आहे. येथें धुकें म्हणजे डोक्याची हालचाल. मुलानें मान हलविली कीं टोपी सरकते, आणि दोन्ही लहरींचा प्रकाश एकदमच खालींवर होतो. जुळणी तर उत्तम, अंक एकाजवळ, आणि नाडीचा पत्ता नाहीं! म्हणून २०१६ सालीं त्याच संशोधकांनीं दुसरी कसोटी जोडली. जुळणी आहे एवढ्यावर न थांबतां, ती एका ठराविक तालानें पुन्हां पुन्हां येते कीं नाहीं हें पाहावयाचें. हिसका एकदां येतो. हृदय ताल सोडीत नाहीं. पहिला अंक चांगला आणि दुसरा वाईट, असें दिसलें तर मूल चुळबुळ करीत होतें असें समजावें.

दोन्ही कसोट्या उतरल्या तरी सिद्ध काय झालें, हेंही नीट ओळखून असावें. प्रकाश जिवंत शरीरांतून आला, इतकेंच. नाडी कपाळाच्या कातडीलाही असते. परीक्षा म्हटली कीं मुलाचें तोंड लाल होतें, रक्तदाब चढतो, आणि तें कातडींतील रक्त मेंदूच्या रक्तासारखेंच पडद्यावर वर चढतें. शिवाय श्वासाची एक लाट असते, आणि रक्तदाबाची सुमारें दहा सेकंदांनीं येणारी दुसरी. यावर उपाय म्हणून चांगल्या टोप्यांत दिव्यापासून अवघ्या ८ मिलिमीटरांवर एक जादा डोळा बसवितात. त्याला फक्त कातडीची बातमी मिळते. ती मोठ्या अंतरावरच्या बातमींतून वजा करावयाची. ज्या टोपींत असा जवळचा डोळा नाहीं तिच्या चित्रांतील कपाळाचा भाग आम्ही तरी शंकेनेंच पाहूं.

गेजप्रमाणें या यंत्राचीही डोक्याशिवाय तपासणी व्हावी लागते. प्रकाश डोक्याप्रमाणेंच विखुरणारा आणि शोषणारा राळेचा एक ठोकळा बनवितात. त्याला नाडी नसते, विचारही नसतात. त्याच्यावर टोपीचे दिवे-डोळे बसवून रेघ सपाट येते कीं नाहीं आणि आज आलेला आंकडा महिन्यानंतरही तोच येतो कीं नाहीं हें पाहतात. दिवे मालवून नुसते डोळे उघडे ठेवून खोलींतला उजेड किती शिरतो तेंही मोजतात. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगानें या जातीच्या वैद्यकीय यंत्रांसाठीं २०१५ सालीं स्वतंत्र मानक प्रसिद्ध केलें. भोसरीच्या कोणत्याही तपासनिसाला यांत नवल वाटणार नाहीं.

आतां आमच्या वाचकांच्या घरांशीं ज्याचा निकट संबंध आहे असा भाग. काळे, दाट केस हा आपल्याकडे सौंदर्याचा विषय. या यंत्राला मात्र तो मोठा अडथळा आहे. केसांतील आणि त्वचेंतील जें काळें रंजकद्रव्य तें हा प्रकाश पितें. दाट केसांचीं मुळेंच इतकीं जवळ असतात कीं बाजूला सारूनही पुष्कळ प्रकाश अडतो. बोटाच्या चिमट्याचीही हीच कथा. अमेरिकेंतील एका अभ्यासांत, चिमट्यानें ९२ ते ९६ टक्के प्राणवायु दाखविला असतां धमनींतील रक्तांत तो ८८ च्याही खालीं होता, असें गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळां आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के वेळां आढळलें. हा अभ्यास २०२० च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाला.

मेंदूच्या टोपींत याचा परिणाम निराळ्या रीतीनें होतो, आणि तो अधिक सूक्ष्म आहे. अंक कमी आला कीं जोडी वगळावी, हा नियम प्रामाणिक; तो सैल करा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याच्या बहुतेक जोड्या वगळल्या गेल्या त्या मनुष्यालाच शेवटीं अभ्यासांतून वगळतात, आणि असे वगळलेले बहुधा दाट काळ्या केसांचे आणि सांवळ्या वर्णाचे असतात. मग 'मुलाचा मेंदू असा असतो' म्हणून जें सिद्ध होतें तें विरळ, पिंगट केसांच्या मुलांच्या मेंदूविषयीं असतें. किती माणसें घेतलीं, त्यांतील किती वगळलीं, त्यांचे केस कसे होते, याची नोंद निबंधांतून क्वचितच सांपडते, ही तक्रार अमेरिकेंतील संशोधकांनीं २०२३ सालीं रीतसर मांडली. उलट बाजूचें उदाहरणही आपल्याच देशांत आहे. उत्तर प्रदेशांतील शिवगड येथें खेड्यांतील ४ महिने ते ४ वर्षे वयाच्या मुलांवर इंग्लंड आणि भारत येथील संशोधकांनीं असलीच टोपी नेऊन अभ्यास केला, व तो २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. दारिद्र्याचा आणि आईच्या शिक्षणाचा मुलांच्या दृष्टिस्मरणाशीं काय संबंध आहे, हा त्यांचा प्रश्न होता. अशीं मुलें अवघड म्हणून सोडून दिलीं असतीं तर तो प्रश्न विचारतांच आला नसता. अवघड डोक्यावरही टोपी बसते. वेळ मात्र द्यावा लागतो. प्रत्येक भोकांतून बारीक काडी घालून केस बाजूला सारीत बसावें लागतें. या कामाला आमच्या मतें इंजिनियरापेक्षां, चार नातींच्या वेण्या रोज घालणारी आजी अधिक लायक. भांग पाडण्याचा अभ्यास तिचा साठ वर्षांचा असतो.

या टापूंत हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. पुणें-नाशिक रस्ता चाकणांतून जातो. शिफ्ट सुटली कीं तळेगांव चौकांत ट्रक, बसगाड्या आणि दुचाक्या यांची जी दाटी होते ती ज्यानें पाहिली आहे त्याला डोक्याला मार लागणें म्हणजे काय हें सांगावयास नको. कवटीच्या आंत रक्त सांखळलें कीं वेळ थोडा असतो, आणि सीटी स्कॅनची सोय असलेलें रुग्णालय गांठीपर्यंत गर्दींतून जावें लागतें. अशा प्रसंगासाठीं निकट-अवरक्त प्रकाशानें मेंदूंतील रक्तस्राव ओळखणारें सेरेबो नांवाचें हातांत मावणारें यंत्र आपल्या देशांत तयार झालें आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, भोपाळची एम्स, बंगळूरची निम्हान्स आणि बायोस्कॅन रिसर्च ही कंपनी यांच्या सहकार्यानें तें सिद्ध झालें, आणि २०२५ सालीं त्याची वार्ता सर्वत्र आली. या जातीच्या यंत्रांत बहुधा डोक्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची तुलना करतात. जेथें रक्त सांखळलें तेथें प्रकाश अधिक जिरतो. तत्त्व उत्तम आहे. परंतु हेल्मेटखालीं घामानें चिकटलेले केस एका बाजूला अधिक दाबले गेले असतील, किंवा कातडीखालींच रक्त सांखळून टेंगूळ आलें असेल, तर त्याही बाजूला प्रकाश अधिक जिरेल. म्हणून येथें यंत्र धरणाऱ्या हाताची तालीम हीच अर्धी परीक्षा. सीटी स्कॅनची जागा तें घेत नाहीं. कोणाला आधीं आणि कोठें पाठवावयाचें हें ठरविण्यास तें मदत करतें.

घरांतील मुलास वाचतां येत नाहीं, किंवा आजोबांना विसर पडूं लागला आहे, म्हणून कोणी अशी टोपी सुचविली तर भिण्याचें कारण नाहीं. सुई नाहीं, क्ष-किरण नाहींत. पण रंगीत चित्र हातीं येण्यापूर्वीं दोन-तीन गोष्टी नम्रपणें विचाराव्या. दिव्या-डोळ्यांच्या जोड्या एकंदर किती होत्या आणि त्यांतील किती वगळल्या? पन्नासांतील पांच-सात गेल्या तर चिंता नाहीं. तीस गेल्या असतील तर उरलेल्या वीसांवरून सबंध डोक्याचें चित्र कसें रंगविलें, तें समजावून घ्यावें. कातडीची बातमी वजा केली होती काय? आणि सर्वांत सोपें म्हणजे, नाडी दाखवा. कोणताही जाणता तंत्रज्ञ चाळण लावण्यापूर्वींची रेघ पडद्यावर आणून तिच्यावरचे ठोके दाखवूं शकतो, आणि आपण मुलाच्या मनगटावर बोट ठेवून ते मोजूं शकतों. त्यानें दाखविण्यास टाळाटाळ केली तर फी देण्याची घाई करूं नये. अशा चित्रावरून एकट्या मुलाचें निदान होतें असें कोणी सांगूं लागला तर मेंदूच्या डॉक्टरांना विचारल्यावांचून पुढें जाऊंच नये. आजवर या टोपीनें जें सिद्ध केलें आहे तें बहुतेक अनेकांच्या सरासरीवरून.

तयारी अशी फारशी नाहीं. आदल्या दिवशीं केस धुवावे, तेल लावूं नये, म्हणजे टोपी घसरत नाहीं. वेणी, अंबाडा किंवा पिना नकोत. खिडकीशेजारची खुर्ची टाळावी. लहान मूल असेल तर त्याला आधीं घरीं एखादी घट्ट टोपी घालून अर्धा तास गोष्ट ऐकत बसण्याची संवय लावावी, कारण प्रत्यक्ष परीक्षेपेक्षां केस सारण्यांतच अधिक वेळ जातो. टोपी काढल्यावर कपाळावर दिव्यांचे आणि डोळ्यांचे गोल वळ उठलेले दिसतील. ते दुखत नाहींत, आणि घटकाभरांत निघून जातात.